परग्रहावरचे भटके शिकारी कसे रचावेत

रविवारी सकाळी मी ठाण्यात आठवी-नववीच्या मुलांकडून विज्ञानकथा लिहून घेते. दरवर्षी एखाद्याला तरी परग्रहावरची शिकारी जमात हवीच असते. आणि तो सगळ्यात आधी काय काढतो, तर हत्यारं! भाला, किरणांची बंदूक, भिंतीवर टांगलेल्या कवट्या. दोन पानांत गोष्ट संपते, कारण हत्यार चालवून झालं की त्या लोकांना करायला काही उरतच नाही. मी वही मिटायला सांगते आणि विचारते, ते खातात काय?

सुरुवात सावजापासून करा. ते काय चरतं, कुठे झोपतं, कशाला घाबरतं हे पानभर लिहा. शिकाऱ्याचं शरीर, चाल, भाषा आपोआप त्यातून निघते.

माझं बालपण चेंदणी कोळीवाड्यात गेलं. ओहोटी लागली की आजोबांबरोबर खाजणात चिंबोऱ्यांना जायचे. तिवरांच्या मुळांत बीळ दिसलं की ते आधी वाकून बिळाच्या तोंडचा चिखल बघायचे. नुकता उकरलेला, ओला असला तर चिंबोरी आत. मग लोखंडी आकडा तिरका सरकवायचे, अगदी सावकाश, कान बिळाकडे लावून. आकडा कवचाला लागला की टक् असा बारीक आवाज येतो. तो ऐकू आला की आजोबांचा श्वास थांबायचा. बाहेर आलेली चिंबोरी पायाखाली हलकेच दाबून तिचे डेंगे सुतळीने बांधायचे. आणि कधी कधी नुसतं म्हणायचे, "बारकी हाय. सोर तिला."

ओहोटीची वेळ, कान, आकडा आणि 'बारकी सोडायची' हा नियम. तुमच्या परग्रहवासीयांना या चारही गोष्टी हव्यात. चौथी नसेल तर ती जमात मला खरी वाटत नाही.

आता ते भटके का आहेत? 'त्यांना भटकायला आवडतं' हे कारण चालणार नाही. हिवाळ्यात ओहोटीच्या वेळी ऐरोलीच्या खाडीकाठी तासभर उभे राहा. पाणी मागे हटतं तसतसे फ्लेमिंगो उघड्या पडलेल्या चिखलात चरत पुढे सरकतात. अन्न हलतं म्हणून ते हलतात. आमच्या वर्गाने यावरूनच एक ग्रह रचला. आकार पृथ्वीएवढा, पण एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंत आपली चार वर्षं. रात्री सगळं गोठतं, पहाटे बर्फ वितळून शेवाळ उगवतं आणि दुपारच्या उन्हात करपून जातं. म्हणून चरणारे प्राणी कायम पहाटेच्या रेषेबरोबर चालतात. विषुववृत्ताचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर. त्याला चार वर्षांच्या दिवसांनी भागलं तर रोजचे साधारण २७ किलोमीटर होतात. म्हणजे माणूस चालू शकेल एवढं. मुलांनी या लोकांना नाव दिलं झुंजुरे, झुंजुमुंजु वरून. त्यांच्या पुढ्यात रात्र आणि पाठीशी जाळणारं ऊन.

हा भागाकार नक्की करून बघा, कारण त्यातून रीतिरिवाज बाहेर पडतात. ६० अंश अक्षांशावर घेर निम्मा, म्हणून तिथे रोज चौदाच किलोमीटर चालावं लागतं. मग म्हातारे, गरोदर बायका, तान्ही मुलं उत्तरेच्या वाटेने चालणार आणि तगडे शिकारी मधल्या वाटेने. दोन वाटांची भेट कधी, कुठे? एका मुलीने लिहिलं की प्रत्येक जागा त्यांना चार वर्षांनी पुन्हा भेटते, म्हणून आजीची समाधी आली की सगळे एक झोप गाळून चालतात, थांबता येत नाही ना! हे मी तिला सुचवलेलं नव्हतं.

टोळी छोटी ठेवा. अन्नसाखळीत एका पायरीवरून वर जाताना ढोबळमानाने दहावा हिस्साच ऊर्जा उरते. आपल्या येऊरला लागून असलेल्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात शंभरेक चौरस किलोमीटर जंगल आहे आणि बिबटे पन्नासच्या आसपास. शिकाऱ्यांची लाखोंची नगरं नकोत.

कवट्या काढून टाका. रोज सत्तावीस किलोमीटर चालणारा माणूस पाठीवर कवट्या वाहणार नाही. मान मिरवायचा तर एखादा मणी, कातडीवरचा व्रण किंवा चालता चालता म्हणायचं गाणं.

सगळ्यात जास्त वेळ वाटणीला द्या. कोळीवाड्यात होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, माणसांचे वाटे, आणि त्यावरूनची भांडणंही. आफ्रिकेतल्या कालाहारी वाळवंटातल्या जुʼहोआन्सी या शिकारी लोकांत शिकाऱ्याने मोठं जनावर आणलं की बाकीचे त्या मांसाला नावं ठेवतात, 'हाडंच आहेत नुसती' म्हणतात, म्हणजे त्याच्या डोक्यात हवा जाऊ नये. मानववंशशास्त्रज्ञ रिचर्ड ली यांनी हे लिहून ठेवलं आहे. तुमच्या जमातीत पहिला तुकडा कोणाला, हे ठरलं की निम्मा समाज उभा राहतो. बंदीचा काळही ठरवा. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिला जातो. झुंजुरे शिकार कधी थांबवतात, आणि पुन्हा सुरू करताना कोणाची परवानगी मागतात?

एक गोष्ट मी वर्गात हट्टाने सांगते. 'रानटी शिकारी' रंगवायला आपल्या पारध्यांचं किंवा कातकऱ्यांचं वर्णन उचलू नका. १८७१ च्या इंग्रजी कायद्याने देशातल्या कितीतरी जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. तो शिक्का १९५२ मध्ये कागदावरून गेला, पण लोकांच्या नजरेतून अजून गेलेला नाही. फासेपारध्यांनाही तो सोसावा लागला. त्यांच्याकडून शिकायचं तर माग काढणं शिका, फास कुठे लावायचा ते ओळखणारी नजर शिका.

मग पहिला प्रसंग लिहायला घ्या, आणि तो शिकार हुकलेल्या दिवसाचा असू द्या. त्या मुलीच्या गोष्टीत तीन दिवस सावज नाही. टोळीतली म्हातारी सुकं मांस दगडावर कुटते, मुठीमुठीने अकरा वाटे घालते. माणसं दहाच आहेत. अकरावा वाटा ती पानात बांधते आणि आपल्या मागून उन्हाच्या कडेने येणाऱ्या दुसऱ्या टोळीसाठी वाटेवरच्या दगडाखाली ठेवते.