कोकणात चिंच लावताय? आधी पाण्याचं बघा

आंब्याचं कलम लावताना आपण दहा जणांना विचारतो आणि चिंच मात्र गडग्याच्या कडेला कुठंतरी खोचून देतो, वर म्हणतो तिला काय करायचंय, ती आपली वाढते. वाढते खरी, पण पहिली दोन-तीन वर्षं तगली तर! माझी दोन रोपं पहिल्याच पावसात गेली. कातळात खड्डा मारलेला, श्रावणात बघतो तर त्याचं डबकं झालंय आणि रोप नुसतं ओढलं तर हातात आलं, मुळं काळी, कुजका वास. मराठवाड्यात पाण्याविना तग धरणारं झाड हे, आपल्याकडच्या ३,००० मिमी पावसात मुळाशी पाणी तुंबलं की संपलं.

म्हणून उताराची जागा बघा. जांभा लागला तर खड्ड्याच्या खालच्या अंगाला चर खणून पाण्याला वाट काढा. खड्डा ३ फुटी, त्यात चांगली माती आणि कुजलेलं शेणखत. पावसाळ्यात बुंध्याशी मातीची भर द्या, आळं करायचं ते दिवाळीनंतर. घर, विहीर ३० फूट तरी लांब हवी, झाड केवढं होतं ते गावातली जुनी चिंच बघून या म्हणजे कळेल.

बी लावायचं तर चिंचोका दिवसभर भिजवून लावा, फुकटात काम. पण फळाला सात-आठ वर्षं, कधी जास्तच, आणि चिंच मूळ झाडासारखी निघेल याची गॅरंटी नाही. कलम त्याच्या साधारण निम्म्या वेळात धरतं, नर्सरीत 'प्रतिष्ठान' किंवा पीकेएम-१ ही जात मागा. पिशवीत वर्षानुवर्षं राहिलेलं उंच रोप बघून भुलू नका, सोटमूळ आत गुंडाळलेलं असतं. आणि कलमाच्या जोडाखाली फूट आली की लगेच खुडा, नाहीतर खालचं गावठीच वाढत बसतं.

पहिले दोन उन्हाळे आठवड्याला दोन-तीन बादल्या पाणी, बस. खरा त्रास भातकापणीनंतर मोकाट सुटलेल्या गुरांचा, काटेरी फांद्यांचं कुंपण हवंच, आणि फेब्रुवारीत वणवा यायच्या आधी भोवतालचं गवत सहा-सात फूट साफ करा. हे विसरलात तर वरचं सगळं फुकट.

चिंच फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये तयार होते. आकडा बोटांत धरून टिचकी मारा, पोकळ आवाज आला आणि टरफल गरापासून सुटलं तर काढा. गाभुळलेली असली तर पोरं ठेवणार नाहीतच. वळवाच्या आत उतरवा, भिजली की बुरशी आलीच. आमच्याकडे आमसुलं असताना चिंच कशाला म्हणून आई कुरकुरते, तरी सांबाराला लागतेच! टरफलं, शिरा, चिंचोके काढून दोन दिवस ऊन द्यायचं आणि खडेमीठ लावून चिनीमातीच्या बरणीत दाबून भरायची. चिंचोके आळसाने तसेच ठेवलेत तर ऐन पावसाळ्यात बरणीतून भुंगे निघतील.