कोल्हापूर ते नागपूर विमानाचं अंतर आणि खरा वेळ कसा काढायचा

माझी बहीण नागपूरला दिलीय, त्यामुळे दर सुट्टीला घरात एकच प्रश्न, विमानानं किती वेळ लागेल. महाराष्ट्र एक्सप्रेसनं जायचं म्हणजे जवळपास अख्खा एक दिवस गाडीत, आईचे गुडघे आता तेवढं बसू देत नाहीत. नेटवर दोन गावांची नावं टाकली की पटकन आकडा येतो पण तो बऱ्याचदा रस्त्याचा असतो, म्हणून स्वतःच काढा, पाच मिनिटांचं काम आहे.

कॉम्प्युटरवर गूगल मॅप उघडायचा, कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळाचा रनवे शोधून त्यावर राइट क्लिक करायचं, अंतर मोजायचा पर्याय येतो तो घ्यायचा आणि दुसरं टोक नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर टेकवायचं. ७०० किमीच्या आसपास येतं. फोनवर बोट दाबून धरलं की पिन पडते, तिथंही तोच पर्याय असतो. काही साइट नॉटिकल मैल दाखवतात, तो आकडा १.८५२ नं गुणा म्हणजे किमी मिळाले.

आता वेळ. इथं विमान कुठलं हे आधी बघायचं कारण सगळा फरक तिथंच पडतो. पंख्याचं छोटं विमान, म्हणजे एटीआर, ताशी ५०० किमीच्या आसपास जातं, जेट ८०० च्या. ७०० ला त्यानं भागा, एटीआरला सुमारे १ तास २५ मिनिटं, जेटला ५०-५५ मिनिटं. पण हा नुसता हवेतला हिशोब झाला, रनवेपर्यंत जाणं, वर चढणं, खाली उतरताना वेग कमी करणं याचे अजून २५-३० मिनिटं धरायचे. म्हणजे जेटनं साधारण १ तास २० मिनिटं, एटीआरनं पावणेदोन-दोन तास. तिकिटावर सुटायची आणि पोचायची वेळ असते त्यात हे सगळं धरलेलं असतं, त्यामुळे थेट विमान असेल तर शेवटी तोच आकडा खरा माना. जाताना आणि येतानाचा वेळ थोडा वेगळा दिसला तर गोंधळू नका, हिवाळ्यात वर पश्चिमेकडचा वारा जोरात असतो, नागपूरकडे जाताना तो मागून मिळतो आणि परत येताना समोरून.

त्या दिवशी थेट विमान नसेल तर किमी बघतच बसू नका. हैदराबादवरून गेलात तर अंतर पावणेनऊशेच्या आसपास होतं, म्हणजे पावणेदोनशेच किमी जास्त, पण मधे चार तास थांबायला लागलं तर सगळा फायदा गेला. मागच्या वर्षी मी स्वस्त बघून दोन वेगवेगळी तिकिटं काढली, पहिलं विमान लेट झालं आणि पुढचं सुटलं, पैसे गेलेच पण आई तीन तास खुर्चीत बसून राहिली त्याचं जास्त वाईट वाटलं. तेव्हापासून जोडविमान असेल तर एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग नंबरवर काढतो, तुम्हीही तसंच करा.

घर ते घर धरताना चेक-इनचं काउंटर विमान सुटायच्या साधारण तासभर आधी बंद होतं हे लक्षात ठेवा, म्हणून दीड-दोन तास आधी पोचायचं, उतरल्यावर बॅगेला अर्धा तास धरायचा. जेटचा १ तास २० मिनिटांचा प्रवास असा, विमानतळावर जायचा-यायचा वेळ धरून, चार-साडेचार तासांचा होतो. आणि म्हाताऱ्या माणसाला व्हीलचेअर लागणार असेल तर तिकीट काढतानाच सांगून ठेवा, आयत्या वेळी काउंटरवर मागितली की वाट बघायला लागते.