शहर मंगळवारी पाहावं

समुद्राकाठच्या त्या शहरात आम्ही पहिल्यांदा गेलो ते चार दिवसांच्या सुट्टीत. चौथ्या संध्याकाळी वाळूत पाय खुपसून बसलेलो असताना मी नवऱ्याला म्हटलं, "आपण इथंच का राहत नाही?" पाच महिन्यांत बिऱ्हाड हलवलं आणि १४ महिन्यांनी गुंडाळून परत आलो. समुद्र घरापासून चालत ११ मिनिटांवर होता. पहिल्या महिन्यात मी जवळजवळ रोज गेले. शेवटच्या तीन महिन्यांत नऊ वेळा, त्यातही चारदा घरी पाहुणे होते म्हणून.

शहरात खोट नव्हती. आम्ही ते चुकीच्या वारी पाहिलं होतं.

तीन वर्षांनी पुन्हा शहर बदललं, आणि इथं आता सहावं वर्ष चालू आहे. या दोन खेपांतून जी पद्धत हाताला लागली ती लिहिते. बदली, लग्न, आजारपण अशा कारणांनी ज्यांना जावंच लागतं त्यांना याचा फारसा उपयोग नाही. "तिथलं जगणं छान आहे" एवढ्यावरच ज्यांचं मन तिकडे धावायला लागलंय, त्यांच्यासाठी हे आहे.

सुरुवात शहरापासून करू नका, वहीपासून करा. दोन आठवडे आपला वेळ कुठं जातो ते रोज रात्री लिहायचं. तास आणि मिनिटं, बाकी काही नाही. मी घरी बसून मुद्रितशोधन करते, त्यामुळे वहीत बारीकसारीक टिपायची खोड आहेच. पण तरी आकडे बघून चपापले. काम दिवसाला सात तास. मुलीला पोहण्याच्या वर्गाला नेणं-आणणं ५० मिनिटं. घरकाम, फोन, झोप. आणि ज्याला लोक 'लाइफस्टाइल' म्हणतात, म्हणजे फिरणं, माणसांत बसणं, काही ऐकायला-बघायला जाणं, ते सगळं मिळून आठवड्याला साडेचार तास! त्या साडेचार तासांसाठी आम्ही अख्खं घर उचललं होतं.

वही भरली की प्रत्येक ओळीपुढं एक अक्षर लिहा. नव्या शहरात हे सुधारेल तर 'सु', तसंच राहील तर 'त', बिघडेल तर 'बि'. 'त' ढिगानं निघतात, त्यात नवल नाही. 'बि' मात्र नीट बघा, कारण तिथं अशा गोष्टी असतात ज्यांची आपण कधी गोष्ट म्हणून गणतीच केलेली नसते. माझी धाकटी बहीण तेव्हा दोन गल्ल्या पलीकडे राहायची. बुधवारी संध्याकाळी ती यायची किंवा मी जायची, ठरवून असं काही नव्हतं. समुद्राकाठी गेल्यावर बुधवारची संध्याकाळ मला खायला उठायची, आणि ते बुधवारमुळे आहे हे कळायलाच दोन महिने लागले.

मग दुसरं पान. त्यावर सध्याच्या शहराबद्दलच्या सगळ्या तक्रारी. प्रत्येक तक्रारीला एकच प्रश्न विचारायचा: ही सामानाच्या टेम्पोत चढेल का? वाहतुकीचा गोंगाट चढत नाही, तो मागे राहतो. "रात्री अकरापर्यंत काम संपत नाही" ही मात्र पुढं ड्रायव्हरशेजारी बसून येते. माझ्या निम्म्याहून जास्त तक्रारी आमच्याआधीच नव्या घरी पोचल्या होत्या.

यावर एक जुना अभ्यास आहे, मला तो फार पटतो. १९९८ साली डेव्हिड श्केड आणि डॅनियल कानमन या दोन संशोधकांनी अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांना विचारलं होतं. निम्मे कॅलिफोर्नियातले, म्हणजे उबदार हवेतले. निम्मे मध्य-पश्चिमेतले, म्हणजे कडाक्याच्या थंडीतले. तुम्ही आयुष्यात किती समाधानी आहात, याची उत्तरं दोन्हीकडे सारखीच आली. पण आपल्यासारखाच माणूस कॅलिफोर्नियात किती समाधानी असेल असं विचारल्यावर दोन्हीकडच्यांनी त्याला झुकतं माप दिलं. शहरांची तुलना करताना जे डोळ्यांत भरतं, म्हणजे हवा, समुद्र, डोंगर, तेच मनात मोठं होतं. रोजच्या दिवसात त्याच्याकडे लक्ष जातं थोडाच वेळ. नव्याचे नऊ दिवस आपण नेहमीच म्हणतो. घर निवडताना मात्र दहाव्या दिवसाचा विचार कुणी करत नाही.

म्हणून मंगळवार. आठवड्यातला सगळ्यात बेचव वार. सोमवारची लगबग नाही, शनिवार-रविवार लांब. तिथं निदान दहा दिवस राहून या, असे की त्यात दोन मंगळवार पडतील. रजा घेऊन नको, काम सोबत घेऊन जा. मुक्काम देखण्या भागात नको. जिथं घर खरोखर परवडणार आहे त्या वस्तीत एखादी खोली बघा. आणि वर्षातल्या वाईटात वाईट ऋतूत जा. छान ऋतूतलं शहर पाहायला प्रवाशांची गर्दी असतेच.

दुसऱ्या खेपेचा आमचा पहिला मंगळवार सांगते. सकाळी ७.४० ला नवऱ्याबरोबर बस स्टॉपवर उभी राहिले. त्याचं ऑफिस जिथं असणार होतं तिथपर्यंतचा रस्ता नकाशावर २५ मिनिटांचा दिसत होता. आम्ही तो बघितला होता रविवारी रात्री. पहिली बस भरून गेली, दुसरीत दारात जागा मिळाली, आणि पोचलो ५२ मिनिटांनी. पुढं तो कामाला बसला आणि मी पाच फुटकळ कामं घेऊन निघाले, मुद्दाम जपून ठेवलेली: बॅगेची चेन दुरुस्त करणं, किल्लीची जोडकिल्ली, रक्ततपासणी, एक पार्सल पाठवणं आणि चष्म्याचा स्क्रू. दुपारी एकपर्यंत चार झाली. चेनवाला सापडेना, शेवटी जोडकिल्ली करून देणाऱ्या म्हाताऱ्या काकांनीच "पलीकडच्या बोळात जिन्याखाली बसतो, तीननंतर जा" असं सांगितलं. समुद्राकाठच्या शहरात अशा कामांना दर वेळी अर्धा दिवस जायचा, आणि हे मला तिथं राहायला गेल्यावर कळलं.

दुपारी चार वाजता खिडकीशी प्रुफं घेऊन बसले. शाळा सुटल्याचा कल्ला, मग ड्रिल मशीन, मग कुत्रं. रात्री अकराला खिडकी उघडून पुन्हा ऐकलं. हे सगळं लिहून ठेवा. परत आल्यावर आठवण गोड होत जाते.

त्या ५२ मिनिटांनी ती वस्ती आमच्या यादीतून उडाली. प्रवासाच्या बाबतीत मी आता हट्टी आहे. अलॉइस स्टट्झर आणि ब्रूनो फ्राय या अर्थतज्ज्ञांनी जर्मनीतल्या लोकांची माहिती तपासली तेव्हा दिसलं, की ज्यांचा कामाचा प्रवास लांबचा ते एकंदरीत कमी समाधानी असतात. मोठं घर किंवा जास्त पगार ती झीज पुरती भरून काढत नाही. घर आपल्या अंगवळणी पडतं. ट्रॅफिक रोज नवा असतो.

हवेबद्दल दोन आकडे बघा, बाकीचं सोडा. पहिला दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव व्हायला लागतं ते. आर्द्रतेची टक्केवारी दिवसभर वरखाली होते, तिच्यावरून फारसं कळत नाही. दवबिंदू २४ अंश सेल्सियसच्या वर गेला की घाम लवकर वाळत नाही, एवढं लक्षात ठेवा आणि असे किती महिने असतात ते मोजा. मी मोजले नव्हते. पहिल्याच पावसाळ्यात माझा जाडजूड शब्दकोश फुगून मिटेनासा झाला, त्याच्या कण्यावर हिरवट बुरशी चढली, आणि मी एका हातात मुलीचा हेअर ड्रायर धरून 'प'पासून 'म'पर्यंतची पानं वाळवत बसले होते. दुसरा आकडा पीएम २.५, म्हणजे फुप्फुसात खोल जाणारी बारीक धूळ. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये वर्षाच्या सरासरीची मर्यादा घनमीटरला १० वरून ५ मायक्रोग्रॅमवर आणली. बहुतेक मोठी शहरं याच्या कितीतरी वर असतात, तेव्हा आत्ताच्या शहराशी तुलना करा, आणि आकडा वर्षभराचा घ्या. फार उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे जाणार असाल तर दिवसाची लांबीही बघा. ६० अक्षांशावर ऐन हिवाळ्यातला दिवस जेमतेम सहा तासांचा असतो.

पैशांचा हिशेब सगळेच करतात, म्हणून थोडक्यात. लोक भाडं आणि पगार मांडतात आणि दोन खर्च विसरतात: काही महिने दोन्हीकडे चालणारं घर, आणि आपल्या माणसांना भेटायला करावे लागणारे फेरे. दुसऱ्याला पैशापेक्षा तासांत मोजा. रात्री दोनला आईचा फोन आला तर तिच्या दारात पोचायला किती तास? विमानाचे दीड नव्हे, दारापासून दारापर्यंतचे. आमचं उत्तर पहिल्या वेळी नऊ तास होतं. आता साडेचार आहे. काहींना नऊ चालतील. पण आकडा माहीत असावा.

आता माणसं. इथं मी सगळ्यात जास्त चुकले, आणि खरं सांगायचं तर थोडी दुर्दैवीही ठरले. जेफ्री हॉल नावाच्या संशोधकानं नुकत्याच नव्या ठिकाणी राहायला गेलेल्या प्रौढांना विचारून मैत्रीचे तास मोजलेत. नुसत्या ओळखीची जुजबी मैत्री व्हायला साधारण ५० तास लागतात, मित्र म्हणण्याजोगं व्हायला ९०, आणि जिवलग व्हायला २०० च्या वर. आठवड्याला दोन तास भेट होते असं धरलं तर २०० तासांना जवळजवळ दोन वर्षं लागतात. आम्ही १४ महिन्यांत उठलो. वरच्या मजल्यावरची एकजण नुकती कुठं न विचारता दार ढकलून आत यायला लागली होती. निघायच्या दिवशी तिनं रिकाम्या खोलीत केर काढला, मी नको म्हणत असताना.

त्यामुळे "तिथं लोक कसे आहेत?" हा प्रश्न मी आता विचारतच नाही. लोक कुठेही बरेच असतात. तास कुठून येणार ते विचारा. ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, त्याच चेहऱ्यांना भेटवणारी एक तरी गोष्ट हवी, आणि ती जाण्याआधी शोधायची. मला बॅडमिंटन बरं येतं. त्या दहा दिवसांत मी डबल्स खेळणारा एक गट गाठला, ज्यांना कायम चौथा भिडू कमी पडायचा. चांगलं खेळणाऱ्यांपेक्षा असे अडलेले लोक शोधा. ते तुम्ही आला नाहीत तर फोन करतात.

घरातल्यांचं मत एकत्र बसून घेऊ नका. जो जास्त उत्साही असतो तो बाकीच्यांना ओढून नेतो, आणि आमच्याकडे ती मी आहे. आम्ही तिघांनी वेगवेगळ्या कागदांवर लिहिलं. तेव्हा ११ वर्षांच्या मुलीनं एकच ओळ लिहिली होती: "तिथं मला एकटीला कुठपर्यंत जाता येईल?" मला आजवर सुचलेल्या सगळ्या प्रश्नांपेक्षा हा सरस निघाला. मंगळवारी संध्याकाळी आम्ही तिला पुढं चालायला सांगितलं आणि वीस पावलं मागं राहिलो. वाचनालयापर्यंत ती गेली, दोन रस्ते ओलांडून. तिसऱ्या रस्त्याला थांबून तिनं मागं वळून पाहिलं. तिसरा रस्ता मोठा होता. म्हणजे आमची हद्द वाचनालयापर्यंत, आणि घर त्याच्या अलीकडे शोधायचं.

एवढं करूनही तराजू मध्येच अडकला तर? अर्थतज्ज्ञ स्टीव्हन लेविट यांनी हजारो लोकांना अडलेल्या निर्णयांसाठी नाणं उडवायला लावलं होतं. मोठ्या निर्णयांत, नाण्याच्या कौलानं ज्यांनी बदल केला ते सहा महिन्यांनी जास्त खूश होते. यात भाग घेणारे आधीच कुंपणावर बसलेले होते, हे विसरू नका. ज्याला बुधवार सुटणार आहे त्यानं नाणं उडवू नये.

आणि निघण्याआधी परतीच्या अटी लिहा. जुनं घर स्वतःचं असेल तर लगेच विकू नका, भाड्यानं द्या. तिथं घर भाड्यानंच घ्या, करार मिळेल तितक्या कमी मुदतीचा. एका कागदावर तारीख आणि तीनच अटी. आमच्या होत्या: दीड वर्षानंतरच्या त्या तारखेला मला दोन तरी माणसं अशी असावीत ज्यांच्याकडे न कळवता जाता येईल; मुलीला शाळेत जायला सकाळी उठवावं लागू नये; नवऱ्याचा प्रवास एका बाजूनं ४० मिनिटांच्या आत असावा. पहिल्या दोन पार पडल्या. तिसरी नाही, कारण मधल्या काळात रस्त्याचं खोदकाम निघालं आणि ३५ ची ५५ झाली. समुद्राकाठी असतो तर आम्ही तेवढ्यावरून पुन्हा टेम्पो बोलावला असता. या वेळी कागदावर नेमकं काय बिघडलंय ते दिसत होतं, म्हणून शहर तेच ठेवलं आणि घर बदललं. नवं घर त्याच्या ऑफिसपासून दोन स्टॉपवर आहे, वाचनालय अजून मोठ्या रस्त्याच्या अलीकडेच पडतं, आणि बॅडमिंटनला मला आता सहाऐवजी पावणेसहाला निघावं लागतं.