फुप्फुसांतील रक्तदाब वाढलेल्यांसाठी ताकदीच्या व्यायामाची पूर्वतयारी

पल्मनरी हायपरटेन्शनचे, म्हणजे फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांतील दाब वाढल्याचे निदान झाले की घरची मंडळी रुग्णाला पाण्याचा तांब्याही उचलू देत नाहीत, आणि पूर्वी डॉक्टरांचा सल्लाही बहुधा विश्रांतीचाच असे. 2006 साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथील डॉक्टरांनी 30 रुग्णांवर केलेला 15 आठवड्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि हे मत बदलू लागले. त्यात सायकल, चालणे आणि श्वसनाच्या व्यायामांबरोबर अर्धा ते एक किलोची हलकी वजनेही होती. युरोपातील हृदयरोग आणि श्वसनरोग तज्ज्ञांच्या संघटनांनी 2022 साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये, फुप्फुसाच्या धमन्यांतील रक्तदाबाच्या ज्या रुग्णांचे औषधोपचार चालू आहेत त्यांना देखरेखीखालील व्यायामाची स्पष्ट शिफारस आहे. या आजारात हृदयाच्या उजव्या कप्प्याबरोबर मांड्यांचे आणि श्वास आत घेणारे स्नायूही अशक्त होतात. बसून राहिल्याने ते आणखी झिजतात, आणि मग न्हाणीघरापर्यंत जातानाही धाप लागते. औषध फुप्फुसातील दाबावर काम करते. मांडीत ताकद आणण्याचे काम व्यायामालाच करावे लागते. मात्र या आजारात चुकीच्या पद्धतीने जोर केल्यास माणूस जागच्या जागी बेशुद्ध पडू शकतो, म्हणून पहिले वजन हातात घेण्यापूर्वीची तयारी मला व्यायामाइतकीच महत्त्वाची वाटते.

सर्वांत आधी उपचार करणाऱ्या डॉक्टरांची संमती घ्यावी, आणि ती तोंडी न घेता केसपेपरवर लिहून घ्यावी. औषधे ठरलेली असून अलीकडे त्यांत मोठा बदल झालेला नाही, पायांची सूज आटोक्यात आहे आणि गेल्या काही महिन्यांत चक्कर येऊन पडण्याचा प्रसंग आलेला नाही, अशा अवस्थेतच सुरुवात योग्य ठरते. बसल्या जागीही दम लागत असेल किंवा श्रम करताना शुद्ध हरपली असेल, तर व्यायामाचा विचार बाजूला ठेवून आधी तपासणी करावी. गोव्यात ही चौकशी बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयातील हृदयरोग विभागापासून सुरू करता येते. जाताना इकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) अहवाल, उजव्या हृदयाचे कॅथेटरायझेशन, म्हणजे शिरेतून बारीक नळी घालून दाब मोजण्याची तपासणी, झाले असल्यास त्याचा कागद, औषधांच्या चिठ्ठ्या आणि सहा मिनिटे चालण्याच्या चाचणीचा आकडा एकत्र न्यावा. ही चाचणी व्यायामापूर्वी एकदा झालीच पाहिजे, कारण चालताना ऑक्सिजन किती उतरतो आणि नाडी किती चढते हे त्यावरूनच कळते. सत्तरीहून किंवा काणकोणहून बस बदलत येणाऱ्याने पोहोचल्यावर थोडा वेळ बसून घ्यावे, नाहीतर आकडा प्रवासाच्या थकव्याचा निघतो. सुरुवातीची सत्रे फिजिओथेरपिस्टच्या समोरच व्हावीत, आणि बांबोळीची वारंवार खेप झेपणारी नसेल तर मडगाव किंवा म्हापशाच्या जिल्हा रुग्णालयातील फिजिओथेरपिस्टकडे डॉक्टरांची लेखी सूचना घेऊन जाता येईल का, हे तेव्हाच विचारून ठेवावे.

यानंतरची तयारी श्वासाची आहे, आणि माझ्या मते साऱ्या यादीत हीच सर्वांत मोठी आहे. विहिरीवरून भरलेली कळशी कमरेवर घेणाऱ्या बाईकडे नीट पाहावे: क्षणभर तिचे ओठ घट्ट मिटतात, श्वास अडतो, गळ्याची शीर फुगते, आणि कळशी कमरेवर टेकली की तोंडातून सुस्कारा सुटतो. निरोगी माणसाचे त्या क्षणात काही बिघडत नाही. परंतु श्वास कोंडून जोर लावला की छातीतील दाब वाढतो, हृदयाकडे परत येणारे रक्त कमी होते, आणि आधीच अरुंद झालेल्या रक्तवाहिन्यांतून कसेबसे रक्त ढकलणाऱ्या उजव्या हृदयाला ती तूट भरून काढता येत नाही. मेंदूला रक्त कमी पडते, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि माणूस कोसळतो. म्हणून पहिला आठवडा हातात वजन न घेता केवळ श्वासाच्या सरावाला द्यावा. हात उचलताना किंवा खुर्चीतून उठताना ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडावा, आणि हात खाली आणताना किंवा बसताना नाकाने श्वास घ्यावा. जोर लावण्याच्या क्षणी आकडा मोठ्याने उच्चारण्याची सवय केल्यास श्वास कोंडणे आपोआप टळते, कारण कोंडलेल्या श्वासाने बोलता येत नाही. शौचाच्या वेळी कुंथणे, गॅसचा सिलिंडर सरकवणे, घट्ट बसलेले बरणीचे झाकण फिरवणे या सर्व प्रसंगी हाच नियम लागू आहे. बद्धकोष्ठाचा त्रास असेल तर तो व्यायामापूर्वी डॉक्टरांना सांगावा, कारण संकोचाने पुष्कळजण ही गोष्ट बोलतच नाहीत.

साधनांवर फारसा खर्च होत नाही. अर्धा लिटरच्या पाण्याच्या दोन भरलेल्या बाटल्या अर्ध्या-अर्ध्या किलोच्या वजनांचे काम चोख करतात. फिजिओथेरपिस्टने सांगितल्यास सर्वांत मऊ ताणाचा रबरी पट्टा घ्यावा. खुर्ची जड, चार पायांची आणि भिंतीला टेकवलेली असावी, कारण जुन्या घरांतील गुळगुळीत फरशीवर प्लास्टिकची खुर्ची सरकते, आणि पावसाळ्यात दमटपणामुळे तीच फरशी अधिक निसरडी होते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्यांनी याकडे विशेष लक्ष द्यावे, कारण त्यांच्या बाबतीत साधे पडणेही महागात पडते. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आणि बीपीचे यंत्र जवळ ठेवावे. बोट गार असेल किंवा नखाला रंग असेल तर ऑक्सिमीटर चुकीचा आकडा दाखवतो, म्हणून हात चोळून गरम करावे आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबावे. ऑक्सिजन कितीच्या खाली उतरू द्यायचा नाही, हा आकडा डॉक्टरांकडून लिहून घ्यावा. पुष्कळ रुग्णांसाठी तो 88 ते 90 टक्क्यांच्या आसपास असतो, पण जन्मजात हृदयदोषामुळे ज्यांचा ऑक्सिजन नेहमीच कमी असतो त्यांच्यासाठी तो वेगळा असतो, तेव्हा शेजाऱ्याचा आकडा आपल्याला लावू नये. कॉन्सन्ट्रेटरवर, म्हणजे घरी ऑक्सिजन पुरवणाऱ्या विजेच्या यंत्रावर, असणाऱ्यांनी व्यायामाच्या वेळी प्रवाह किती ठेवायचा हे विचारून घ्यावे, आणि पावसात वीज जाते हे ध्यानात ठेवून भरलेला छोटा सिलिंडर हाताशी ठेवावा.

औषधांच्या वेळा व्यायामासाठी पुढे-मागे करू नयेत. एक सूचना मात्र घरातील प्रत्येकाला पाठ असावी: फुप्फुसातील दाबासाठी सिल्डेनाफिल, टाडालाफिल किंवा रिओसिग्वाट घेणाऱ्याच्या छातीत दुखू लागले म्हणून जिभेखाली सॉर्बिट्रेट ही नायट्रेट गटातील गोळी ठेवू नये. या औषधांबरोबर नायट्रेट पोटात गेल्यास रक्तदाब धोकादायक रीतीने खाली येतो. घरातील एखाद्या हृदयरुग्णाची ती गोळी कपाटात असतेच आणि घाबरलेला माणूस तीच पुढे करतो, म्हणून रुग्णाच्या औषधांच्या डब्यावर ही सूचना ठळक अक्षरांत चिकटवून ठेवावी.

वेळ सकाळची, ऊन चढण्यापूर्वीची असावी. गोव्यातील एप्रिल-मेच्या उकाड्यात रक्तवाहिन्या आधीच सैलावलेल्या असतात आणि या औषधांमुळे बीपी आणखी उतरते. हलक्या नाश्त्यानंतर दीड-दोन तासांनी पंख्याखाली व्यायाम करावा आणि घरात दुसरे माणूस जागे असावे. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असल्यास घाम आला म्हणून मनाने भरपूर पाणी पिऊ नये. दिवसाचे प्रमाण डॉक्टरांनी ठरवून दिलेले असते. रोज सकाळी वजन करून लिहावे, आणि दोन-तीन दिवसांत दीड-दोन किलो वाढल्यास व्यायाम थांबवून डॉक्टरांना कळवावे. सुकी मासळी, खारवलेले मासे, पापड आणि लोणचे यांतील मीठ ही वाढ घडवून आणते, आणि आपल्याकडील पावसाळी जेवणात यांतले काही ना काही असतेच, म्हणून स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीलाही या तयारीत सामील करून घ्यावे.

प्रत्यक्ष सत्राचा आराखडा साधा असावा. पाच ते दहा मिनिटे सावकाश चालून अंग सैल करावे. मग एका वेळी एकाच स्नायूगटाचा व्यायाम घ्यावा: बसून कोपर वाकवणे, बसून गुडघा सरळ करणे, खुर्चीतून उठणे-बसणे, आधार धरून टाचा उचलणे. प्रत्येकी दहाच्या आसपास आवर्तने, मध्ये एक-दोन मिनिटांची विश्रांती, आणि आठवड्यातून दोन-तीन दिवस, तेही लागून नव्हेत. वजन डोक्याच्या वर नेऊ नये, ताणून धरून ठेवू नये आणि झटक्याने उभे राहू नये. श्रम किती झाले हे ओळखण्यासाठी अभंगाची एक ओळ सलग म्हणता आली पाहिजे. मध्येच श्वास तुटला तर वजन खाली ठेवावे. वजन वाढवण्यापूर्वी आवर्तने वाढवावीत आणि तीही फिजिओथेरपिस्टला विचारूनच. शेवटी पुन्हा पाच मिनिटे सावकाश चालून मगच बसावे.

घेरी, डोळ्यांपुढे अंधारी, छातीत दुखणे, छातीत अनियमित धडधड, ओठ निळसर होणे, किंवा ठरलेल्या आकड्याखाली गेलेला ऑक्सिजन यांपैकी काहीही दिसले की त्या क्षणी थांबावे. विश्रांतीने काही मिनिटांत आराम पडला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. शुद्ध हरपली, छातीतील दुखणे थांबले नाही किंवा खोकल्यातून रक्त आले तर 108 ला फोन करावा आणि "पल्मनरी हायपरटेन्शनचा रुग्ण आहे, नायट्रेट द्यायचे नाही" हे पहिल्याच वाक्यात सांगावे. औषधांची यादी आणि वाड्यावरील घराची ओळखीची खूण फोनशेजारी लिहून ठेवावी, कारण आतल्या वाटेवर रुग्णवाहिकेला घर सापडायला वेळ लागतो.

तारीख, वजन, व्यायामाआधीचा आणि नंतरचा ऑक्सिजन, नाडी आणि आवर्तने यांची वही पुढच्या तपासणीला सोबत न्यावी. चतुर्थीच्या दिवसांत पाहुणे, स्वयंपाक आणि जागरण यांतच शरीराचे पुरेसे श्रम होतात, त्यामुळे तेव्हा व्यायाम बंद ठेवण्यास हरकत नाही. आठवड्याहून अधिक खंड पडल्यास मात्र पहिल्या आठवड्याच्या हलक्या सरावापासून पुन्हा सुरुवात करावी, आणि खंड ताप, खोकला किंवा रुग्णालयातील मुक्कामामुळे पडला असेल तर डॉक्टरांची संमती नव्याने घ्यावी.