हिरडीचं ग्राफ्ट: ‘कोणतं मटेरियल?’ विचारण्याआधी या चुका टाळा

हिरडी सरकून दाताचं मूळ उघडं पडलं की त्यावर टिश्यू किंवा पर्यायी मटेरियल बसवून ते झाकतात, त्याला हिरडीचं ग्राफ्ट म्हणतात. प्रॅक्टिस नुकतीच सुरू केलेल्या दाताच्या डॉक्टरांचे मला त्याबद्दल मेसेज येतात. आधी फोटो येतो, वरचा सुळा आणि त्याचं उघडं पडलेलं मूळ. पाठोपाठ प्रश्न येतो, “मॅडम, यात काय वापरू? पीआरएफ, कोलॅजन की टाळूतूनच घेऊ?” म्हणजे पेशंटच्या रक्तापासून केलेला पडदा, बाजारातला प्रथिनाचा तयार पडदा, की पेशंटच्याच टाळूतलं टिश्यू. मी विचारते, या पेशंटची हिरडी सरकली कशामुळे? दोन दातांमधलं हाड किती शिल्लक आहे? याचं उत्तर क्वचितच तयार असतं. मटेरियलची निवड हा या कामातला तिसरा-चौथा प्रश्न आहे आणि सगळे तिथूनच सुरुवात करतात. त्यामुळे त्याच त्या केसेस बिघडून परत येताना बघाव्या लागतात.

मशेरीबद्दल न विचारणं

सातारा भागातल्या एक मावशी दुसरीकडे ग्राफ्ट करून माझ्याकडे आल्या होत्या. खालचे पुढचे दात, टाळूतून घेतलेलं कनेक्टिव्ह टिश्यू, म्हणजे टाळूच्या त्वचेखालचा चिवट थर. ऑपरेशननंतरचे फोटो त्यांच्या मुलाच्या मोबाईलमध्ये होते आणि काम खरोखर सुबक होतं. तरी वर्षभरात मूळ पुन्हा उघडं पडलं होतं. जुन्या केसपेपरवर ‘तंबाखू: नाही’ असं लिहिलेलं. मुलाला बाहेर बसायला सांगितलं आणि विचारलं, “मावशी, मशेरी लावता का?” त्या लगेच म्हणाल्या, “लावते की. सकाळी आणि दुपारी जेवल्यावर. त्याशिवाय पोट साफ होत नाही.” दात दाखवताना त्यांचं बोट आपोआप नेमकं त्याच जागी गेलं, जिथे ग्राफ्ट केलं होतं.

मशेरी म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखूच. पण लावणाऱ्या बायकांच्या लेखी ती तंबाखू नाही, दात घासायची पूड आहे. ‘तंबाखू खाता का’ या प्रश्नाला त्या ‘नाही’ म्हणतात, तेव्हा खोटं बोलत नसतात. नुकसान मात्र दुहेरी होतं. निकोटीनमुळे रक्तवाहिन्या आकसतात आणि रोजच्या घासण्याने पातळ हिरडी झिजत जाते. ग्राफ्ट जगतं ते आजूबाजूच्या रक्तावर. मुळाच्या पृष्ठभागाला रक्तपुरवठा नसतो, म्हणून मुळावर बसलेल्या भागाला सगळं पोषण कडेच्या आणि वरून झाकलेल्या हिरडीतूनच मिळतं. तोच पुरवठा आकसलेला असेल तर टाळूतलं उत्तम टिश्यूही वाया जातं.

माझी सवय अशी की मी एकेक नाव घेऊन विचारते: मशेरी, गुल, तपकीर, लाल मंजन, विडी. बाईमाणसाला एकटीला विचारते. मग पेशंटला घरचा ब्रश आणायला सांगते आणि माझ्यासमोर दात घासायला लावते. आडवा, दाबून घासणारा हात दोन मिनिटांत ओळखू येतो. मशेरी सुटल्याशिवाय आणि ब्रशची पद्धत बदलल्याशिवाय मी ऑपरेशनची तारीख देत नाही. पेशंट चिडतात, काही दुसरीकडे जातात. तरीही देत नाही.

हाड न मोजता ‘मूळ पूर्ण झाकून देतो’ म्हणणं

हिरडी किती आणि कशी सरकली आहे याची दोन वर्गीकरणं वापरतात. मिलरचं वर्गीकरण १९८५ सालचं, कैरोचं २०११ सालचं. दोन्हींतली कामाची गोष्ट एकच आहे. दोन दातांमधला आधार शाबूत असेल तर मूळ पूर्ण झाकण्याची आशा धरता येते. तो आधार दातांच्या पुढच्या बाजूपेक्षा जास्त गेलेला असेल तर कोणत्याही मटेरियलने पूर्ण झाकलं जाणार नाही. प्रोब (हिरडी मोजायची खुणा असलेली बारीक सळई) लावा, एक्स-रे बघा आणि पेशंटला ऑपरेशनच्या आधी सांगा.

टाळूला घाबरून शॉर्टकट घेणं

या चुकीचा मला सगळ्यात जास्त त्रास होतो. फ्रान्सचे डॉक्टर शूक्रूं यांनी २००१ मध्ये पीआरएफ आणलं. पेशंटचंच रक्त, त्यात काही न मिसळता मशीनमध्ये वेगाने फिरवायचं आणि तयार झालेल्या गाठीचा पातळ पडदा वापरायचा. जखम भरायला त्याची मदत होते, मीही वापरते. पण तो पडदा थोड्याच दिवसांत विरघळतो. पातळ हिरडीला जाडी देण्याचं काम टाळूतलं कनेक्टिव्ह टिश्यू करतं तसं तो करत नाही. लँगर दांपत्याने १९८५ साली मूळ झाकण्यासाठी मांडलेली ही पद्धत आजही मापदंड मानली जाते, आणि त्याला कारण आहे.

तरीही होतं काय, की टाळूतून घ्यायची भीती वाटते, म्हणून पीआरएफ ठेवलं जातं आणि हिरडी ओढून, ताणून टाके मारले जातात. मग ताणलेली हिरडी टाक्यांतून फाटते आणि आधीपेक्षा जास्त मूळ उघडं पडतं. अशी केस हातात आली की दुरुस्तीला पुरेशी हिरडीच उरलेली नसते. आंब्याचं कलम बांधताना काडी खुंटाला ताण न देता घट्ट बसली तरच जीव धरते, इथेही तसंच आहे. फ्लॅप, म्हणजे मूळ झाकायला सोडवलेली हिरडी, आतून इतका मोकळा करा की टाका न घालता तो दाताच्या मानेपुढे, दाताच्या टोकाच्या दिशेने एक-दोन मिलिमीटर जाऊन तिथेच थांबेल. मी टाका घेण्याआधी ओठ हलवून बघते. फ्लॅप मागे आला तर पुन्हा आत जाऊन मोकळा करते, कितीही वेळ लागो. फ्लॅपची जाडी ०.८ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर ग्राफ्ट न ठेवता नुसता फ्लॅप ओढून काम भागवायच्या फंदात पडू नका.

टाळूची भीती अगदीच खोटी नाही. तिथली मोठी धमनी दातांच्या मानेपासून साधारण ७ ते १७ मिलिमीटरवर असते. टाळू उथळ असेल तर जवळ, खोल असेल तर लांब. म्हणून आधी टाळूचा आकार बघा, सुळ्यापासून पहिल्या दाढेच्या पुढच्या भागापर्यंतच काम करा आणि दीड मिलिमीटरच्या आसपास जाडी घ्या. पिवळी चरबी चिकटलेली असेल तर कात्रीने काढून टाका. ग्राफ्ट सलाईनच्या ओल्या गॉजमध्ये ठेवा, ट्रेवर उघडं वाळत टाकू नका.

मटेरियल कशाचं आहे ते न सांगणं

बाजारातले बरेचसे कोलॅजन मॅट्रिक्स, म्हणजे ग्राफ्टऐवजी वापरायचे प्रथिनाचे तयार तुकडे, डुकरापासून किंवा गायीगुरांपासून बनतात. मुळावर लावायचं एमडोगेन नावाचं जेलही डुकराच्या विकसनशील दातांपासून बनतं. अॅलोडर्म हे टाळूच्या टिश्यूऐवजी वापरायचं मटेरियल दान केलेल्या मानवी त्वचेतल्या पेशी काढून तयार होतं. मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या टिश्यू बँकेतून मिळणारा अम्नियनचा पडदा बाळंतपणात मिळालेल्या गर्भवेष्टनाचा असतो आणि गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो. एकाच वेळी बऱ्याच दातांना ग्राफ्ट लागत असेल किंवा टाळूत पुरेसं टिश्यू नसेल, तेव्हा यांचा खरा उपयोग आहे. पण आपल्याकडे घरोघरी खाण्यापिण्याचे आणि धर्माचे नियम आहेत. ‘इम्पोर्टेड मटेरियल आहे’ एवढंच सांगून सही घेणं मला अजिबात मान्य नाही. प्राण्याचं नाव मराठीत, स्पष्ट सांगा. ‘नको’ म्हणणाऱ्याला त्याच्याच टाळूतलं टिश्यू आहेच.

हाडाची पावडर मुळावर टाकून हिरडी येत नाही. कृपा करून हा प्रयोग थांबवा.

ओठ उचलून बघणं

हे पेशंटसाठी. पहिले दोन-तीन दिवस ग्राफ्ट नुसत्या झिरपणाऱ्या द्रवावर जगतं, नव्या रक्तवाहिन्या त्यानंतर जोडायला लागतात. त्या काळात आरशासमोर ओठ ताणून फोटो काढला की जे जुळत होतं ते सुटतं. ऑपरेशनच्या जागी दोन-तीन आठवडे ब्रश नाही, क्लोरहेक्सिडीनने दिवसातून दोनदा चूळ. बाकीचे दात पेस्टने घासल्यावर लगेच ती चूळ भरू नका, अर्धा तास जाऊ द्या. त्याने दातांवर पडणारे तपकिरी डाग नंतर पॉलिशिंगने जातात. चहाने ते वाढतात, म्हणून तेवढे दिवस चहा कमी करा.

आणि डॉक्टरांनो, महिन्याभरात थोडं मूळ उघडं दिसलं म्हणून दुसरं ऑपरेशन ठरवू नका. ग्राफ्ट पक्कं बसल्यावर हिरडी पुढचे कित्येक महिने हळूहळू मुळावर सरकू शकते. मी त्याच कोनातून, त्याच प्रोबसह फोटो काढून ठेवते आणि वर्ष झाल्यावरच निकाल मोजते.