व्हाइस सिटीचा रेडिओ कसा ऐकावा

‘ग्रँड थेफ्ट ऑटो: व्हाइस सिटी’, २००२ सालचा व्हिडिओ गेम, गोष्ट १९८६ ची. आधी ऑडिओ सेटिंगमध्ये जाऊन म्युझिक वर, इफेक्ट्स खाली करा. मिशन आज राहू दे! रात्री गाडी घेऊन ओशन बीचच्या निऑन दिव्यांखालून सावकाश जा, गाडीतला रेडिओ इमोशन ९८.३ या स्टेशनवर. गाडीबाहेर असतानाही रेडिओ पुढे सरकतो, म्हणून परत बसल्यावर गाणं अर्ध्यातून लागतं, खऱ्या रेडिओसारखं. मला हेच आवडतं. इमोशनचा निवेदक फर्नांडो याची बडबडही ऐका, चावट आहे. पोलीस मागे लागले की मात्र व्ही-रॉक, म्हणजे रॉकचं स्टेशन.

जुनी डिस्क असेल तर जपा. गाण्यांचे परवाने संपतात. नंतरच्या आवृत्त्यांतून मायकल जॅक्सनचं ‘बिली जीन’ गायब झालंय.