मॅक्स किती वेळा मारायचा? जड वजनाच्या मागे लागताना या चुका टाळा

बहुतेक जिममध्ये एक तरी जोडगोळी अशी असतेच. बेंचवर आडवं व्हायचं, दोन हलके सेट (न थांबता उचलायच्या फेऱ्या) उरकायचे, मग ८०, ९०, ९५ किलो. शंभरला बार छातीवरून चार बोटं वर येतो आणि अडतो. डोक्यामागे उभा असलेला मित्र "उचल, उचल, मी हातसुद्धा लावलेला नाही" म्हणत निम्मं वजन स्वतःच ओढतो आणि शंभर झाले म्हणून टाळी दिली जाते. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. तीन महिन्यांनी पाहाल तर आकडा जागच्या जागी, फक्त खांदा कुरकुरायला लागलेला.

नीट फॉर्ममध्ये (उचलायच्या योग्य पद्धतीत), कुणाचीही मदत न घेता एकदाच उचलता येईल असं सर्वांत जड वजन म्हणजे आपला मॅक्स. तो काढण्यात वाईट काहीच नाही. घोळ होतो तो किती वेळा आणि कसा काढायचा यात.

दर आठवड्याला मॅक्स

मॅक्स हे मोजमाप आहे. दिवसातून चार वेळा वजनकाट्यावर उभं राहून कुणी बारीक होत नाही, तसंच हेही. ज्याचा मॅक्स १०० किलो आहे त्याने ९०, ९५ आणि १०० असे एकेक रेप (वजन एकदा उचलणं म्हणजे एक रेप) मारले तर जड काम झालं तीन रेप्सचं, एकूण २८५ किलो. त्यातही प्रत्येक प्रयत्नाआधी तीन ते पाच मिनिटं थांबावं लागतं, म्हणजे वेळही गेला. तोच माणूस ८० किलोवर ५ रेप्सचे ५ सेट करतो तेव्हा २५ रेप्स होतात, २००० किलो. स्नायूला वाढायला आणि शरीराला ती हालचाल अंगवळणी पडायला जे लागतं, ते या २५ रेप्समध्ये आहे. ताकदीचा मोठा हिस्सा मॅक्सच्या साधारण ७५ ते ९० टक्क्यांमध्येच कमावला जातो.

शिवाय पूर्ण जोर लावून केलेल्या मॅक्सचा थकवा पुढचे काही दिवस रेंगाळतो, डेडलिफ्टचा, म्हणजे जमिनीवरून बार उचलण्याचा, तर जास्तच. स्नायू लवकर सावरतात, पण त्यांना हाडांशी जोडणाऱ्या कंडरा सावकाश मजबूत होतात. कोपर, खांदा, गुडघा यांची दुखणी सुरू होतात ती बऱ्याचदा तिथून.

मग किती वेळा? व्यायाम सुरू करून सहा महिनेही झाले नसतील तर अजिबात नको. या काळात वजन तसंही दर आठवड्याला वाढत असतं. आज काढलेला मॅक्स पंधरा दिवसांत शिळा होतो आणि फॉर्म अजून कच्चा असतो. त्यानंतर बहुतेकांना ८ ते १२ आठवड्यांतून एकदा पुरतो. पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धेत उतरणाऱ्यांचा खरा मॅक्स स्पर्धेच्या मंचावरच निघतो. तिथे स्क्वॉट (खांद्यावर बार घेऊन बसून उठणं), बेंच आणि डेडलिफ्टला तीन-तीन प्रयत्न मिळतात, तेवढे खूप झाले.

"पण बल्गेरियावाले रोज मॅक्स मारायचे"

हा दाखला हमखास दिला जातो आणि तो खोटा नाही. बल्गेरियाच्या वेटलिफ्टिंग संघाचे प्रशिक्षक इव्हान अबाजिएव्ह यांच्या पद्धतीत खेळाडू जवळजवळ रोज त्या दिवसाच्या मॅक्सपर्यंत जात. मात्र अर्धीच गोष्ट सांगितली जाते. ते निवडून आलेले पूर्णवेळ खेळाडू होते, दिवसातून अनेकदा सराव करायचे, आणि ज्यांना झेपलं नाही ते मागे पडले. १९८८च्या सोल ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णविजेते उत्तेजक चाचणीत सापडल्यावर तो संघ स्पर्धेतून माघारी फिरला, हेही त्याच काळातलं.

शिवाय ते करायचे त्या वेटलिफ्टिंगच्या स्नॅच आणि क्लीन अँड जर्क या दोन प्रकारांत वजन डोक्यावर गेलं की खाली सोडून देता येतं. बेंच प्रेसमध्ये ते सावकाश छातीपर्यंत उतरवावं लागतं आणि स्नायूंची झीज या उतरवण्यात जास्त होते. आणि त्या दिवसाचा मॅक्स म्हणजे आयुष्यातला मॅक्स नव्हे. कानात गाणी कोंबून, गालावर थपडा मारून न घेता जेवढं जातं तेवढंच, म्हणजे स्पर्धेतल्या आकड्यापेक्षा कमी.

अमेरिकेत पॉवरलिफ्टिंगचे प्रशिक्षक लुई सिमन्स यांनी दर आठवड्याला जास्तीत जास्त वजनापर्यंत जाण्याची पद्धत रुजवली, पण त्यांचे लिफ्टर एक ते तीन आठवड्यांत व्यायामाचा प्रकार बदलत. कधी बॉक्स स्क्वॉट (मागच्या बॉक्सवर बसून उठायचा), कधी वेगळा बार. एकाच बेंच प्रेसवर दर सोमवारी डोकं आपटणं हे त्यात कुठेच बसत नाही.

जड आणि मॅक्स यांची गल्लत

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी गल्लत हीच. दर आठवड्याला जड उचलायला हरकत नाही, मॅक्स मात्र नको. ९० टक्क्यांचा एक रेप, बार न अडखळता, 'अजून एक-दोन गेले असते' अशा अवस्थेत ठेवला की जड वजन हाताळायची सवय राहते आणि पुढचा आठवडाही वाया जात नाही. सोव्हिएत प्रशिक्षक प्रिलेपिन यांचा वेटलिफ्टर्ससाठीचा तक्ता आजही वापरला जातो. ९० टक्क्यांच्या वर एका सेटमध्ये १ ते २ रेप्स, आणि सगळे मिळून ४ ते १०. वेटलिफ्टिंगचं गणित स्क्वॉट-बेंचला जसंच्या तसं लागू होत नाही, पण जड रेप्स मोजूनमापून करायचे हा अंदाज त्यातून येतो.

उलट टोकही आहे. वर्षभर १० रेप्सचेच सेट करणारा माणूस मॅक्सच्या दिवशी निराश होतो, कारण त्या वजनाखाली उभं राहायची सवयच नसते. चाचणीआधी तीन-चार आठवडे ३ आणि २ रेप्सचे सेट करा, मगच बार लोड करा.

फुगवलेला आकडा

मित्राने ओढलेला बेंच, अर्ध्यावरून परत आलेला स्क्वॉट, पाठ कमानीसारखी वाकवून उचललेला डेडलिफ्ट. हे आकडे सांगायला बरे वाटतात. पण बहुतेक प्रोग्रॅम, म्हणजे सरावाचे ठरलेले आराखडे, मॅक्सच्या टक्क्यांवर चालतात. खरा मॅक्स ९० आणि वहीत १०० लिहिले, तर ८० टक्क्यांचा सेट ७२ ऐवजी ८० किलोंवर जातो, म्हणजे प्रत्यक्षात जवळपास ८९ टक्क्यांवर. त्यावर पाचचे पाच सेट कोण काढणार? तिसऱ्या सेटला रेप्स तुटतात, आठवड्याभरात दमछाक होते आणि दोष प्रोग्रॅमला जातो. 'प्रोग्रॅम लागू पडत नाही' या तक्रारीचं मूळ अनेकदा इथेच असतं. त्यामुळे खरा मॅक्स काढला तरी प्रोग्रॅमचे टक्के मोजताना त्याचे ९० टक्केच मॅक्स म्हणून धरा. सुरुवातीला हलकं वाटेल, वाटू द्या.

मॅक्स न मारताही अंदाज बांधता येतो. एप्ली यांचं सूत्र सोपं आहे. रेप्सना ३० ने भागा, त्यात १ मिळवा आणि उचललेल्या वजनाने गुणा. ८० किलोचे स्वच्छ ५ रेप्स निघाले तर अंदाजे मॅक्स ९३ किलो. ५ रेप्सपर्यंत हा अंदाज बरा येतो, १०-१२ रेप्सवरून काढलेला आकडा मात्र फारसा मनावर घेऊ नका.

बायसेप कर्ल, लॅटरल रेज, लेग एक्स्टेन्शन यांचे मॅक्स काढू नका. सगळा ताण एका सांध्यावर येतो, हाती काही लागत नाही.

मॅक्सच्या दिवशी

वॉर्मअपमध्येच दमणं आणि वॉर्मअप गाळणं, दोन्ही चुका सारख्याच होतात. १०० चं लक्ष्य असेल तर मोकळा २० किलोचा बार ८ ते १० वेळा, मग ४० चे ५, ६० चे ३, ७५ चे २, ८५ चा १, ९२.५ चा १ आणि मग १००. शेवटच्या उड्या लहान ठेवा. १०० सहज गेले तर १०२.५, एकदम ११० नाही.

एकटे असाल तर स्क्वॉट आणि बेंच पॉवर रॅकच्या लोखंडी चौकटीतच करा, सेफ्टी पिन (हुकलेला बार अडवणाऱ्या आडव्या सळ्या) आपल्या उंचीला लावून आणि आधी मोकळ्या बारने तपासून. बेंचवर अंगठा बारभोवती हवाच, नाहीतर बार हातातून निसटून थेट छातीवर किंवा गळ्यावर येतो. मागे कुणी उभं असेल तर आधीच ठरवा की बार थांबल्याशिवाय किंवा खाली यायला लागल्याशिवाय हात लावायचा नाही, आणि हात लागला की तो रेप वहीत धरायचा नाही. श्वास कोंडून जोर लावताना रक्तदाब एकदम चढतो. ज्यांना रक्तदाब, हृदयविकार किंवा हर्नियाचा त्रास आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय मॅक्सच्या वाटेला जाऊ नये.

आकडा हलत नसेल तर

आधी मागचा आठवडा बघा. चाचणीच्या आदल्या आठवड्यात सेटची संख्या निम्म्यावर आणायला हवी होती, वजन साधारण तेवढंच ठेवून. ते केलं नसेल तर तुम्ही ताकद नव्हे, थकवा मोजलात. मग झोप. दोन रात्री नीट झोप नसेल तर चाचणी चार दिवस पुढे ढकला. एखाद्या दिवशी मॅक्स दोन-चार टक्क्यांनी खाली येणं नेहमीचंच आहे, त्यावरून प्रोग्रॅम बदलायची गरज नाही.

हे सगळं ठीक असूनही आकडा तोच राहिला, तर ५ रेप्सचं वजन वाढलंय का ते पाहा. ते वाढलं असेल तर ताकद आली आहे, एकेरी रेपचा सराव कमी पडतोय. तेही वाढलं नसेल तर मॅक्स विसरा आणि दोन-तीन महिने साध्या सेटवर काम करा, दर वेळी थोडं वजन किंवा एखादा रेप वाढवत.

आणि वजन हुकलं तर? एकदा हुकलं आणि कारण स्पष्ट असेल, पाय सरकला, बार छातीवर चुकीच्या जागी आला, तर पाच मिनिटं थांबून आणखी एकदा करा. नुसतं जड म्हणून हुकलं असेल तर प्लेट्स काढा, वहीत शेवटचा स्वच्छ रेप लिहा आणि ७० टक्क्यांवर दोन-तीन सेट करून घरी जा.